नाव बदल, बस्स!

मागच्या वीकेंडला घरी, म्हणजे गोंदियाला गेले होते. विदर्भ एक्स्प्रेसमधून उतरून घरी पोचते न पोचते, तोच बाबांचा ठरलेला प्रश्न : "का वं, तुझ्या कादंबरीचं का झालं?"

"वेळच मिळत नाही हो बाबा. डेडलाइन्स..."

पेपरमधून डोकं वर न काढता बाबा म्हणाले, "नरसिंह रावांना मिळाला!"

आता यावर काय बोलणार? पी. व्ही. नरसिंह राव म्हणजे बाबांसाठी आपल्याकडचा माणूस. नागपुरात कायदा शिकलेले, उत्तम मराठी बोलणारे, १९८४ आणि १९८९ मध्ये रामटेकचे खासदार. १९९१ ते १९९६ पंतप्रधान. पण बाबांना कौतुक वेगळंच. रावांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली आणि विश्वनाथ सत्यनारायणांची 'वेयि पडगलु' हिंदीत आणली. आणि स्वतःची कादंबरी, 'द इनसायडर', आली १९९८ मध्ये. तेही सत्तरी उलटल्यावर!

कादंबरीचा हीरो आनंद, राज्य अफरोझाबाद. दोन्ही नावं काल्पनिक, पण आनंदच्या आड कोण उभं आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

इटलीच्या मास्सिमो द'आझेलिओचा क्रम उलटा. हा चित्रकारही होता. १८३३ मध्ये त्यानं 'एत्तोरे फिएरामोस्का' लिहिली. १५०३ मध्ये तेरा इटालियन योद्धे तेरा फ्रेंचांशी लढले, त्याची गोष्ट. तेव्हा इटली तुकड्यातुकड्यांत वाटलेली. थेट राजकारण बोलणं अवघड, म्हणून जुन्या लढाईचा आडोसा. पुढे १८४९ ते १८५२ तो सार्डिनियाचा पंतप्रधान होता.

म्हणजे दोघांनाही खरं सांगायला गोष्टच लागली. आणि मला? खरं सांगू, प्रॉब्लेम वेळेचा नाहीच. माझी कादंबरी चौथ्या चॅप्टरवर अडलीय, कारण तिथे बाबा येतात. त्यांची सुटलेली नोकरी, त्यानंतरचं घरातलं ते न बोलणं. ते वाचून त्यांना काय वाटेल?

रात्री जेवताना धीर करून विचारलंच, "बाबा, त्यात तुम्ही असाल तर?"

हातातला घास तसाच राहिला. थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

मग म्हणाले, "नाव बदल, बस्स. रावांनीबी बदललंच होतं ना!"

परतीच्या गाडीत लॅपटॉप उघडला. चॅप्टर चार. पहिलं काम : बाबांसाठी नाव शोधणं.