माळ पडीक नाही

ऑक्टोबर उजाडला की सोलापुरातल्या आम्हा पक्षीवेड्यांत एकच चौकशी सुरू होते: उजनीला रोहित आले का? रोहित गुलाबी, उंच, फोटोत शोभतो. त्याच दिवसांत नान्नजच्या माळावर भोवत्या उतरतात, पार कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशातून. त्यांची चौकशी कोण करतो? दिवसभर गवताला घासून उडत नाकतोडे टिपायचे आणि रात्री थव्यानं जमिनीवरच, गवतात झोपायचं. झाडाची त्यांना गरजच नाही.

आणि आपण? माळाला कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतो आणि पावसाळा आला की खड्डे खणून गिरिपुष्प लावतो. मीही लावलंय, हातात रोप धरून फोटोही काढलाय. झाडांनी पाऊस येतो म्हणे! अहो, हा मुलूखच कमी पावसाचा. कुसळी, पवन्या त्यालाच सरावलेल्या. १९७९ साली इथं अभयारण्य झालं ते माळढोकासाठी, म्हणजे उघड्या माळासाठीच. आता माळढोक दिसला तर बातमी होते.

तेव्हा वृक्षप्रेमींनो, पुढच्या जूनमध्ये रोपं शाळेच्या आवारात लावा, रस्त्याकडेला लावा. मी पाणी घालायला येईन. नान्नजच्या माळावर मात्र ट्रॉली आणू नका.