परवाना घ्यावा, पण माणूस कामावर टिकवावा



माझ्या थोरल्या भावाच्या मुलाचा उजवा पंजा सहा वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत गेला. पोरगा बारावी शिकलेला. डाव्या हातानं लिहायला शिकला, तालुक्याच्या गावी एका संस्थेत संगणकाचं शिक्षण घेतलं, प्रमाणपत्र आणलं, नोकरीही लागली. पंधराव्या दिवशी घरी परत! का, तर संगणकाचं काम जमत होतं, पण वह्यांचे गठ्ठे एका हातानं उचलवत नव्हते. गठ्ठे दुसऱ्यानं उचलावेत, यानं त्याच्या वाटचं टायपिंग करावं, एवढं साहेबाला सांगायला कोणी नव्हतं. प्रमाणपत्र देणारी संस्था पुन्हा फिरकली नाही.

अशी मुलं-मुली आपल्या कार्यक्षेत्रात गावोगाव आहेत. अपंग म्हणा, दिव्यांग म्हणा; सोप्यात बसून आहेत हे खरे. म्हणून माझी सूचना अशी की, अपंगांना काम शिकवण्याचे व कामाला लावण्याचे केंद्र कारखान्याने स्वतः काढावे.

याला कायद्याची वाट आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. अपंग माणसाला नोकरीवर ठेवायला कोणताही परवाना लागत नाही. मात्र त्यांच्या प्रशिक्षणाची किंवा पुनर्वसनाची संस्था चालवायची, तर राज्य सरकारने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागते. सोयी व दर्जा ठरल्याप्रमाणे असल्याची चौकशी होते आणि अर्जाचा निकाल नव्वद दिवसांत द्यावा, असे कायदा सांगतो. नाकारायचे झाल्यास आधी आपले म्हणणे ऐकावे लागते, आणि वर अपीलही करता येते. आपल्या पोटनियमांत हा उद्देश बसतो का, ते मात्र आधी पाहून घ्यावे.

पण नोंदणीचा कागद काचेत घालून भिंतीला टांगला म्हणजे काम झाले, असे कृपा करून समजू नये. खरे काम पुढेच आहे. शिकवणारा माणूस पहिले दोन-तीन महिने कामाच्या जागी सोबत गेला पाहिजे. टेबलाची उंची, पायरीजागी उतार, बहिऱ्या मुलाला खुणेनं किंवा लिहून काम सांगणं, अशा बारीक गोष्टींवर नोकरी टिकते नाहीतर मोडते.

काम कुठं आहे, असं कोणी विचारील. गव्हाणीपाशी किंवा मिलवर कुणाला उभं करा असं मी म्हणत नाही. पण एक डोळ्याची ऊसरोपं तयार करायला ट्रे भरणं, गट ऑफिसात ऊसनोंदी उतरवणं, वजनकाट्यावरच्या पावत्या, प्रयोगशाळेतली नोंदवही, बारदान मोजणं ही कामं बसून होतात. मजुरी मात्र इतरांइतकीच द्यावी. दया म्हणून निम्मी मजुरी देणं ही सहकाराची रीत नव्हे.

"आधी उसाला दर द्या, मग समाजकार्य करा," असंही कोणी म्हणेल. रास्त आहे, माझाही ऊस याच काट्यावर येतो. ऊसबिलातून एक पैसाही कापू नये. सुरुवातीला दहाच मुलं घ्यावीत, एक जाणता शिक्षक नेमावा, आणि रिकामी पडलेली एखादी खोली द्यावी. ग्रामपंचायतींनाही स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. त्यांनाही बोलवावे.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी कारखाना उभा केला, तेव्हा नुसती साखर करायची असती तर खाजगी कारखाने होतेच. पुढं त्या परिसरात शाळा आल्या, दवाखाना आला. सभासदाच्या घरातलं दुःख ते आपलं, ही सहकाराची शिकवण आहे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडावा, ही संचालक मंडळास विनंती. आणि पुढल्या अहवालात किती प्रमाणपत्रं वाटली ते छापू नये. कामाला लावलेल्यांपैकी दुसऱ्या हंगामातही किती जण कामावर आहेत, तेवढा एक आकडा छापावा. आम्ही सभासद त्यावरून काय ते समजू.

जय सहकार!

— एक ऊस उत्पादक सभासद