पऱ्हाटीचे दोन वैरी

सातपुड्याच्या पायथ्याशीं जळगांव जामोदकडे ज्यांची वडिलोपार्जित काळी जमीन आहे, अशा कुटुंबांपैकीं पुष्कळांनीं ती आतां बटईनें दिलेली असते. ‘बोंडांत अळी पडली’ असें वर्तमान शेतावरून आलें, कीं शहरांतील मालक लागलाच फवारणीचा हुकूम सोडतो. अळी कोणती, हें मात्र क्वचितच विचारलें जातें.

हिरवी बोंडअळी हा उघड दरोडेखोर होय. अर्धें अंग बोंडाबाहेर ठेवून ती खाते. तिचें भोंक ठळक दिसतें. कपाशीवांचून तिचें अडतही नाहीं. तूर, हरभरा, टोमॅटो, सारें तिला गोड लागतें.

शेंदरी अळी घरभेदी आहे. अंड्यांतून निघतांच ती कोवळ्या बोंडांत शिरते व मागचें छिद्र बुजून जातें. बाहेरून बोंड निरोगी; आंत सरकी पोखरलेली आणि रुई डागळलेली! फुलांत शिरली तर पाकळ्या धाग्यांनीं बांधल्या जाऊन फूल उमलत नाहीं. त्यास शेतकरी डोमकळी म्हणतात.

२००२ सालीं बीटी कपाशीस परवानगी मिळाली आणि २००६ सालीं दोन जनुकांचें वाण आलें. हिरवी अळी त्यानें पुष्कळ अंशीं आटोक्यांत आली. शेंदरीनें मात्र दोन्ही विषें पचविलीं व २०१७ च्या हंगामांत विदर्भांत हाहाकार उडविला. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले. बंद बोंडांतल्या अळीपर्यंत जें औषध पोंचतच नाहीं, तें पुन्हां पुन्हां मारावयास लावणें आम्हांस अक्षम्य वाटतें. कामगंध सापळ्यांत सतत तीन दिवस रोज आठ पतंग सांपडले, म्हणजे फवारणीची वेळ आली असें कृषितज्ज्ञ सांगतात. मालकानें निदान हा आंकडा तरी विचारावा.

शेंदरीचें एक वर्म आहे : तिचा निर्वाह बहुतांशीं कपाशीवरच चालतो. कांहीं महिने शेतांत कपाशीच नसली, तर तिची पिढी खुंटते. म्हणून फरदड ठेवूं नये. पण विहिरीस पाणी असलें कीं ‘आणखी एक वेचणी होईल’ हा मोह बटईदारापेक्षां मालकासच अधिक सुटतो, असा आमचा अनुभव आहे. शिवाय ही अळी सरकींत व वाळल्या बोंडांत महिनोन्‌महिने निजून राहते. सरपणासाठीं वाड्यामागें रचलेल्या पऱ्हाट्यांच्या गंजींत अशीं किडकीं बोंडें लटकलेलीं असतातच. पावसाळ्याच्या तोंडाशीं त्यांतूनच पतंग निघून नव्या पेऱ्याकडे उडतात.