व्याख्या कोणी करायची?

धर्माधिष्ठित राज्याच्या प्रश्नावर मुस्लिम धर्मपंडितांचे एकमत आहे, असे आपल्याकडच्या चर्चेत बहुधा गृहीतच धरलेले असते. इतिहास मात्र तसे सांगत नाही.

१९३८ साली देवबंदच्या दारुल उलूमचे मौलाना हुसेन अहमद मदनी यांनी, आजच्या काळात राष्ट्रे वतनावरून बनतात, असे प्रतिपादन केले. इक्बालांनी त्यावर फारसीत बोचरी कविता लिहिली. मदनींचे सविस्तर म्हणणे ‘मुत्तहिदा कौमियत और इस्लाम’ या पुस्तकात आले. धर्माने बांधलेली ती मिल्लत. भिन्न धर्मीयांची मिळूनही होऊ शकते ती कौम. पैगंबरांनी मदिनेत ज्यूंनाही सामावून घेणारा करार केला होता, हा त्यांचा दाखला. त्याच देवबंदी परंपरेतले शब्बीर अहमद उस्मानी मात्र पाकिस्तानच्या बाजूने उभे राहिले. पाकिस्तानच्या संविधानसभेतील १९४९च्या उद्दिष्टांच्या ठरावामागेही ते होते.

पुढे १९५३ साली पंजाबात अहमदियांविरुद्ध दंगली झाल्या. न्यायमूर्ती मुनीर यांच्या चौकशी न्यायालयाने उलेमांना एक साधा प्रश्न विचारला : मुसलमान कोणास म्हणावे? १९५४च्या अहवालानुसार, कोणत्याही दोघांची उत्तरे जुळली नाहीत. भारतात हिंदू राज्य येऊन मुसलमानांना मनूच्या कायद्याने शूद्र लेखले तर चालेल काय, असेही मौलाना मौदूदींना विचारण्यात आले. आपली हरकत नाही, असे त्यांनी सांगितले.

या उत्तरात तर्काची सुसंगती आहे, आणि तीच आम्हांस भयावह वाटते. सीमेपलीकडच्या कोट्यवधी स्वधर्मीयांचे नागरिकत्व त्या सुसंगतीपायी सहज सोडून दिले गेले.

मदनींची मांडणीही आम्हांस पूर्ण वाटत नाही. त्यांच्या राष्ट्रात करार होतो तो समाजासमाजांत. एकट्या नागरिकास, विशेषतः स्वतःच्याच मिल्लतीशी मतभेद असणाऱ्यास, तिथे पुरेशी जागा नाही. तरीही मुसलमान कोण हे राज्याने ठरवावे, अशी गरज त्यांच्या राष्ट्रकल्पनेला पडत नाही. पाकिस्तानात मात्र १९७४च्या घटनादुरुस्तीने अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवले. उलेमांचे ज्यावर एकमत झाले नव्हते, त्या प्रश्नाचा निकाल संसदेने लावला.

राज्य धर्माचे झाले की धर्म राज्याचा होतो. कोणत्याही धर्माच्या राज्याची स्वप्ने पाहणाऱ्यांनी मौदूदींना विचारलेला तो प्रश्न आधी स्वतःला विचारावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.