सागराचे रक्षण भातखाचरापासून

समुद्राचे रक्षण हे किनाऱ्यावरील कोळी बांधवांचे काम होय, अशी घाटपायथ्याच्या गावांतून सर्वसाधारण समजूत आढळते. कर्जत व खालापूर तालुक्यांना समुद्रकिनारा नाही, हे खरे; परंतु कर्जतचे पाणी उल्हास नदी वसईच्या खाडीत नेते व खालापूरचे पाताळगंगा धरमतरच्या खाडीत. खाचरातून वाहून गेलेली माती, खते व औषधे त्याच वाटेने जातात. खाडी हे तर समुद्रातील अनेक माशांच्या व कोळंबीच्या पिल्लांचे पाळणाघर आहे.

सागरी जीवांच्या रक्षणासाठी आपल्या देशात राखीव क्षेत्रे निर्माण झाली आहेत. कच्छच्या आखातात १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. १९८७ मध्ये मालवण येथे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य ठरले. यांमागील तत्त्व शेतकऱ्यास नवे नाही. बियाण्याचे भात कोणी शिजवून खात नाही. तसेच माशांच्या विणीची जागा राखली, तर वाढलेली संतती बाहेर पसरून जाळ्यात येते.

मात्र नकाशावर रेषा आखल्याने गढूळ पाणी थांबत नाही. गाळ साचून प्रवाळ गुदमरते; वाहून आलेल्या नत्रामुळे पाण्यात शेवाळ माजते व ते कुजताना प्राणवायू कमी होतो. कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणीही यास कारण आहे आणि त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे; पण तेवढ्याने शेतकऱ्याचे कर्तव्य संपत नाही.

हे कर्तव्य तोट्याचेही नाही. चारसूत्री भात लागवडीत लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. फेकून दिलेला युरिया पावसाच्या पाण्याबरोबर जातो. खोचलेली गोळी मुळांपाशी राहते व खताचा पैसा वाचतो. बांध दुरुस्त ठेवणे, नदीकाठची झाडे राखणे आणि फवारणीचे पंप ओढ्यात न धुणे, यांसही फारसा खर्च नाही.

दुसरा प्रश्न वळगणीच्या माशांचा. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे नदीतून ओढ्यात व खाचरांत चढतात, त्याच वेळी त्यांची सर्रास धरपकड होते. जून-जुलैमध्ये किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मग वरच्या गावांनी काहीच संयम पाळू नये काय? कातकरी व ठाकूर कुटुंबांच्या चार माशांवर बंदी घालणे अन्यायाचे होईल. मालवणच्या अभयारण्यास मच्छीमारांनी विरोध केला तो उपजीविकेच्या चिंतेनेच. संमतीवाचून लादलेले रक्षण टिकत नाही, हा त्यातील धडा आहे. परंतु विष कालवणे, सुरुंग लावणे व ओढ्याची पूर्ण रुंदी जाळ्याने अडवणे यांना मात्र आळा बसलाच पाहिजे.

रायगड जिल्ह्यातच महाड तालुक्यात वाळण कोंड येथे देवीच्या श्रद्धेने नदीतील मासे राखले आहेत. तेथे पहारा लोकांच्या मनाचा आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी हा विषय ग्रामसभेपुढे मांडावा, कातकरी-ठाकूर वस्तीचे मत प्रथम घ्यावे आणि सर्वांच्या संमतीने नदीचा एक डोह माशांसाठी राखून ठेवावा. सागराच्या रक्षणातील डोंगराकडच्या गावांचा वाटा तेथून सुरू होईल.