नळाच्या पोटातले पाणी

दिवाळी जवळ आली की घर कसे लख्ख होते. माळे झाडले जातात, तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासली जातात, पाण्याचे पिंप उपडे करून धुतले जाते. मात्र ते पिंप ज्या नळाने भरायचे, त्याच्या पोटात काय आहे हे कोण पाहतो? पाहणार तरी कसे! तो रस्त्याखाली पुरलेला. म्हणून यंदा या सदरात त्याचीच विचारपूस करू.

१९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीला यमुनेचा प्रवाह फिरला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझीराबादच्या उपसा केंद्रापाशी आले. पाण्यात क्लोरीन वाढवले, त्यामुळे विषमज्वर आटोक्यात राहिला. पण पुढच्या दोन महिन्यांत काविळीने सुमारे २९ हजार माणसांना गाठले. हा विषाणू ‘हेपॅटायटिस ई’चा, हे शास्त्रज्ञांना फार उशिरा उमगले. गर्भवती स्त्रियांना तो विशेष घातक असतो. औषध घातले की पाणी निर्धोक झाले, हा भ्रम त्या साथीने दूर केला. घाण मुळात पाण्यात शिरताच कामा नये!

१९५८ मध्ये नागपूरला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. पाणी, सांडपाणी आणि त्यांतून पसरणारे रोग हे तिचे मूळ विषय. १९७४ पासून ती ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते.

आता घाण वाटेत कशी शिरते ते पाहा. नळ भरून दाबाने वाहत असला, की फटीतून पाणी बाहेर गळते. नुकसान होते, पण घाण आत येत नाही. पुरवठा बंद झाला की नळ रिकामा होतो आणि शेजारच्या गटाराचे पाणी त्याच फटीतून आत झिरपते. म्हणजे चोवीस तास पाणी ही निव्वळ चैन नव्हे, तो आरोग्याचाही प्रश्न आहे.

म्हणूनच अभियंते नळांचे जाळे विणतात. टोकाशी बंद झालेल्या नळात पाणी साचून राहते. जाळ्यात ते दोन्ही बाजूंनी येते आणि खेळते राहते. कोणत्या नळातून किती पाणी जाईल, हे कागदावर मांडण्याची रीत हार्डी क्रॉस या अमेरिकन प्राध्यापकाने १९३६ मध्ये दिली. ते किचकट गणित आता संगणक चुटकीसरशी करतो. शेवटच्या नळापर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असा आपल्याकडचा दंडक आहे. नळाला येणारा तो किंचित उग्र वास म्हणजे रखवालदाराची हाक समजावी.

पण उत्तम जाळेही आपण बिघडवू शकतो. पाणी कमी येते म्हणून पुष्कळजण थेट नळालाच पंप जोडतात. पंप पाणी ओढतो, तसा फटीतून गटाराचा अंशही ओढतो. आणि तो आपल्याच नव्हे, शेजाऱ्याच्याही पेल्यात जातो. तेव्हा पंप टाकीला लावावा, नळाला नव्हे. पुरवठा सुरू होताच येणारे पहिले पाणी फरशीसाठी वापरावे. गढूळ किंवा दुर्गंधी पाणी आले तर त्याच दिवशी पालिकेला कळवावे आणि पिण्याचे पाणी खळखळ उकळून घ्यावे.

दिवाळीच्या साफसफाईत यंदा इमारतीच्या टाकीचाही नंबर लावा. पिंप तर आपण दरवर्षी धुतोच!