आधी पाणी, मग मासे

नव्या टाकीतले मासे मरतात ते सहसा पहिल्या काही आठवड्यांत. पाणी नितळ दिसत असतं, फिल्टर चालू असतो, खाणं वेळेवर पडत असतं. तरी मासे वर येऊन धापा टाकू लागतात. दुकानदाराने आजारी मासे दिले, असं घरात ठरून जातं. पुष्कळदा खरं कारण वेगळंच असतं. टाकीच अजून तयार झालेली नसते.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. नदीत तो विरळ होतो, टाकीत साठतो आणि माशाचे कल्ले पोळतो. यावरचा उतारा जिवाणूंकडे आहे. त्यांचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच: ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं आणि पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. थोडं पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं.

हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वस्ती करतात, पण वाढतात फार सावकाश. त्यांची वस्ती पुरेशी व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस मासे न आणता फिल्टर चालू ठेवायचा, रोज चिमूटभर खाणं टाकायचं आणि टेस्ट किटने पाणी तपासत राहायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, नायट्रेट दिसू लागलं, की टाकी लागली. मग मासे आणायचे, तेही थोडे थोडे. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरातला स्पंज मिळाला, तर हा काळ बराच कमी होतो.

पुढे घात होतो तो अति स्वच्छतेने. महिन्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून स्पंज, खडी नळाखाली खळखळून धुतली, की क्लोरीनच्या पाण्याने जिवाणू मरतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा दर आठवड्याला वीस-पंचवीस टक्के पाणी बदलावं आणि काढलेल्या त्याच पाण्यात स्पंज पिळून घ्यावा. नव्या पाण्यात आधी अँटी-क्लोरीन घालायला विसरू नये.

माशांची निवडही घरच्या नळावर ठरावी. मुंबईला तलावांचं मऊ पाणी मिळतं, टेट्रांना ते मानवतं. बोअरवेलच्या जड पाण्यात गप्पी आणि मॉली खुशाल राहतात.

गोल्डफिशचं मात्र वेगळं आहे. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. टेबलावरच्या काचेच्या गोल भांड्यात ना त्याला पोहायला जागा, ना पुरेसा प्राणवायू. रोम शहराने २००५ मध्ये अशा भांड्यांत गोल्डफिश ठेवायला बंदी केली. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावतं. छोट्या माशांसाठी सुरुवातीला ती चांगली. पाणी जितकं जास्त, तितका हातून झालेल्या चुकीचा फटका कमी. उन्हाळ्यात तर हे फार जाणवतं, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा दिवसांत एअर पंप बंद ठेवू नये.

जिवंत वनस्पतींचं महत्त्व लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० मध्येच मांडलं होतं. त्याच्या टाकीत दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरियाची रोपं आणि कुजलेली पानं खाणाऱ्या गोगलगाई होत्या. रोपं प्राणवायू सोडतात आणि अमोनिया, नायट्रेट शोषूनही घेतात. ही व्हॅलिस्नेरिया आपल्याकडच्या तळ्यांतही उगवते आणि नवशिक्याच्या हाती सहज टिकते.

टाकीत शेवाळ खायला म्हणून आणलेला इवलासा सकर मासा दीड फुटांपर्यंत वाढू शकतो. मग तो नकोसा होतो आणि दया म्हणून जवळच्या तळ्यात सोडला जातो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा आता उजनीच्या जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात, बाजारात त्याला भाव नाही आणि स्थानिक माशांच्या अन्नावर तो हक्क सांगतो. टाकीतला मासा नको असेल तर तो दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या एखाद्या हौशी माणसाकडे सोपवावा.